चौकीवर स्केचबुक घेऊन जाताना

काळा घोड्याला रविवारी सकाळी स्केचिंगला जमणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी एकदा तरी लायन गेटसमोर बैठक मारतोच. नौदल गोदीचं ते दार, दगडी सिंह, कडेला झाडांची सावली. चित्राला सगळं आयतं. पाच-दहा रेघा होतात न होतात तोच पहाऱ्यावरचा जवान येतो आणि वही बंद करायला सांगतो. मग ठरलेला वाद: "अहो, समोरून बस जाते, अख्ख्या मुंबईला दिसतंय हे. मी काढलं तर काय बिघडलं?"

हा वाद तुम्हीही घातला असेल, तर तो मुंबईतच संपवून टाका. सीमेवरच्या एखाद्या चौकीवर राहून तिथल्या माणसांचं रोजचं जगणं चितारायचं असेल, तर वही कधी बंद करायची हे रेघ मारण्याआधी यायला हवं. मी दोनदा लडाखला जाऊन आले, एकदा तीन आठवडे आणि एकदा पाच. तेव्हापासून तरुण मुलं-मुली विचारतात, "ताई, सुरुवात कुठून करायची?" रंगांपासून नाही, एवढं आधी सांगते.

चौकी कोणाची?

आपण सरसकट "मिलिटरी" म्हणतो, पण सीमेवरची प्रत्येक चौकी लष्कराची नसते. लष्कर संरक्षण मंत्रालयाखाली येतं. सीमा सुरक्षा दल आणि १९६२ साली उभं राहिलेलं आयटीबीपी, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिस, ही दलं गृह मंत्रालयाकडे. दोन घरं वेगळी, दोन्हींचे दरवाजे वेगळे. चुकीच्या दारावर टाकलेला अर्ज कोणी योग्य दारापर्यंत पोचवून देईल या भरवशावर राहू नका.

लष्कराच्या बाबतीत मुंबईकरांची एक सोय आहे. संरक्षण मंत्रालयाच्या जनसंपर्क खात्याचं कार्यालय मुंबईतही आहे, तिथून सुरुवात करा. लडाखचा भाग लेहच्या १४ व्या कोअरकडे येतो, त्यामुळे तुमचा कागद शेवटी तिकडे जाणार, तिथून खाली युनिटकडे, आणि तसाच परत. ओळखीचे एखादे कर्नलसाहेब असतील तर त्यांचा सल्ला जरूर घ्या, पण त्यांच्या तोंडी "या हो, बघू" वर तिकीट काढू नका.

अर्ज

अर्जात "कलेच्या माध्यमातून जवानांच्या शौर्याला मानवंदना" असलं काही लिहू नका. तसले अर्ज ढिगाने येत असणार. काय काढणार ते लिहा: लंगर (जवानांचं स्वयंपाकघर), न्हावी, टपाल येण्याचा दिवस, पहाऱ्यावरून परतलेली माणसं, रोजच्या वापरातल्या वस्तू. त्याखाली काय काढणार नाही ते लिहा: शस्त्रं, संपर्काची साधनं, बंकरची मांडणी, रस्ते, फलक, गाड्यांचे नंबर, डोंगररांगा. दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब असू द्या. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तुमच्या चित्रकलेत रस असेलच असं नाही. सही केल्यावर त्याला रात्री झोप लागली पाहिजे.

सोबत ओळखपत्रं, पोलिस पडताळणी, डॉक्टरांचा दाखला, रक्तगट, आधीच्या कामाचे चार-पाच नमुने आणि तारखांचे दोन-तीन पर्याय जोडा. आणि उपकरणांची यादी. फोन, कॅमेरा, टॅबलेट, पॉवर बँक, सगळ्यांचे मॉडेल आणि सिरियल नंबर. माझा पहिला अर्ज एका टेबलावर चार महिने पडून होता. कारण विचारलं तर ही यादी नव्हती. कोणी कळवलं नाही, मीही विचारलं नाही. दर पंधरा दिवसांनी नम्रपणे एक फोन करायचा, हे तेव्हा शिकले.

प्रदर्शनाची घाई असेल तर घाबरू नका. जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळायला जेवढी वर्षं लागतात, त्याच्या आत परवानगी नक्की येते.

"स्केच" हा शब्द कायद्यात आहे

ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट १९२३ चा आहे, इंग्रजांनी केलेला आणि अजून चालू असलेला. त्याचं तिसरं कलम एकदा शांतपणे वाचा. देशाच्या सुरक्षिततेला बाधक हेतूने, शत्रूला उपयोगी पडू शकेल असं काही करणं हा गुन्हा, आणि त्या "काही"मध्ये स्केच, आराखडा, प्रतिकृती, टिपण हे शब्द आहेत. बाकीच्यांसाठी हे कलम हेरांबद्दलचं आहे. आपल्यासाठी त्यातला पहिलाच शब्द आपल्या पिशवीतल्या वहीचा आहे.

घाबरवायला सांगत नाही. हेतू असावा लागतो, आणि तुमचा हेतू सिद्ध करणारा कागद म्हणजे तुमचा मंजूर झालेला अर्ज. त्याच्या तीन प्रती काढा. एक अंगावर, एक सामानात, एक घरी.

वहीसुद्धा त्या हिशेबाने घ्या. सुटे कागद नकोत, शिवलेली वही हवी. प्रत्येक पानावर आधीच क्रमांक घाला आणि पहिल्या पानावर सरकारी रजिस्टरवर असतं तसं लिहा: "या वहीत १ ते ८० पाने आहेत." एकही पान फाडायचं नाही, बिघडलं तरी. पहिल्या भेटीत मी हे सहज गंमत म्हणून केलं होतं. ज्या अधिकाऱ्यांकडे रोज संध्याकाळी वही दाखवायची होती, त्यांनी ते वाक्य वाचलं, शेवटचं पान उलटून ८० आकडा बघितला, आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला. तोवर मी उभीच होते.

डोंगर कोरा सोडा

शाळेत आपण सगळ्यांनी काढलेलं पहिलं चित्र कोणतं? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी. पुढे एलिमेंटरी, इंटरमिजिएट, मग कॉलेजात निसर्गचित्रांचे दौरे. जागा दिसली की आधी मागची रेघ मारायची, मग पुढे यायचं, हे हातात मुरलेलं असतं.

नेमकी ती रेघ चौकीवर चालत नाही. डोंगररांगेची कड म्हणजे बोटाचा ठसा. तशी दुसरीकडे नसते. उपग्रहांनी मोजलेल्या जमिनीच्या उंचीवरून अशी कड जुळवून, चित्र कुठे बसून काढलं ते शोधता येतं. तुमची रेघ जितकी चांगली, तितकं शोधणं सोपं.

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी चहाचा मग धरलेला एक जवान काढला आणि सवयीने मागे डोंगर टाकला. संध्याकाळी अधिकाऱ्यांनी पानं उलटली, चौथ्या पानावर थांबले, बोट माणसावर न ठेवता मागच्या रेघेवर ठेवलं. "मॅडम, ये लाइन बहुत सही आयी है," ते म्हणाले, "इसीलिए नहीं जा सकती." पान वहीत राहिलं, त्यावर पांढऱ्या गवॉशचा, म्हणजे अपारदर्शक जलरंगाचा, जाड थर मी त्यांच्यासमोर दिला. आता ते माझं सगळ्यांत आवडतं पान आहे. मागे काहीच नाही म्हटल्यावर तो मग, त्याभोवतीची दहा बोटं आणि वाफ, एवढंच उरलंय, आणि तेवढंच हवं होतं.

म्हणून मुंबईत दोन-तीन महिने हीच तालीम करा. दादरच्या फुलबाजारात पहाटे जा आणि फक्त हात काढा. लोकलमध्ये समोरच्याची बसण्याची ढब काढा, दोन स्टेशनांत एक. शिवाजी पार्कवर २६ जानेवारीचं आणि १ मेचं संचलन बघायला जरूर जा, पण संचलन काढू नका; ते सुटल्यावर सावलीत टोप्या काढून पाणी पिणारी, पट्टे सैल करणारी माणसं काढा. तिसरी तालीम आठवणीची. एखादी जागा पाच मिनिटं बघायची, वही बंद, घरी येऊन काढायची. चौकीवर कित्येकदा वही उघडायची मुभा नसते, डोळे मात्र उघडे असतात. त्यातूनही जे काढू ते संध्याकाळी दाखवायचंच, हे विसरू नका.

शरीर

कळसूबाई महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर. लेह शहर साडेतीन हजार मीटरवर आहे, म्हणजे दोन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी कमीच. तिथे आपण विमानातून सकाळी उतरतो, आदल्या रात्री समुद्राच्या पातळीवर झोपलेलो असताना. गड-किल्ले भरपूर केलेत म्हणून आपल्याला काही होणार नाही, हा समज डोंबिवलीतच ठेवून या. फिटनेस आणि उंचीची सवय या दोन वेगळ्या गोष्टी.

लष्कराचं स्वतःचं वेळापत्रक आहे. नऊ ते बारा हजार फुटांसाठी सहा दिवस, त्यावर पंधरा हजारांपर्यंत आणखी चार, त्याहून वर जायचं असेल तर पुन्हा चार. विशीतल्या, रोज धावणाऱ्या पोरांनाही यातून सूट नाही. म्हणजे उंचावरच्या चौकीसाठी चौदा दिवस नुसते अंगवळणी पडण्यात जातात. दहा दिवसांची रजा टाकून "पटकन जाऊन येते" असं ज्यांचं नियोजन आहे त्यांनी खालच्याच एखाद्या ठिकाणाची परवानगी मागावी. तिथेही काम खूप आहे.

पहिले दोन दिवस पडून राहायचं. मुंबईकराला हे जमत नाही, हात शिवशिवतात. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं याकडे लक्ष ठेवा. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, चालताना तोल गेला किंवा बोलणं अडखळलं तर लाजू नका, ताबडतोब एमआय रूम, म्हणजे युनिटचा दवाखाना, गाठा. उपाय खाली उतरणं हाच असतो. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. आणि खोलीत बुखारी (ऊब देणारी शेगडी) पेटलेली असेल तर झरोका पूर्ण बंद करू नका, कितीही थंडी वाजली तरी. कोंडलेल्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

पिशवीत काय

कपड्यांची यादी कुठेही मिळेल. एकच सांगते: फुटपाथवर मिळतं ते लष्करी छपाईचं जॅकेट घेऊ नका. लष्कराचा नवा पोशाख १५ जानेवारी २०२२ ला आला, त्याचं डिझाईन नोंदणीकृत आहे, आणि नागरिकाने तसलं काही घालून चौकीवर जाणं हा शुद्ध आगाऊपणा. साधा निळा, लाल, काहीही चालेल.

बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड करून घ्या. ड्रोन आणि सॅटेलाइट फोन नेण्याचा विचारही नको. फोनचं लोकेशन मुंबईतच बंद करा. वर गेल्यावर फोन जमा करायला सांगितलं तर हसत द्या.

आता रंग. ॲक्रिलिक घरी ठेवा. साधारण दहा अंशांखाली त्याचा थर नीट जुळत नाही, वाळून भुगा होतो, आणि ट्यूब गोठली तर रंग वाया जाऊ शकतो. तैलरंगांसाठी लागणारं टर्पेंटाइन ज्वालाग्राही, विमानात नेता येत नाही. उरले जलरंग, तेही ट्यूब नाही, वड्या. लहानपणी वापरलेली कॅमलची वड्यांची पेटी आठवा, त्याच जातीची चांगली पेटी घ्या, पण प्लॅस्टिकची. पत्र्याची पेटी कडाक्याच्या थंडीत उघड्या बोटांना चिकटते.

मुंबईत जलरंगाचा थर वाळायची वाट बघत आपण चहा पिऊन येतो. लेहला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, हवा इतकी कोरडी की ब्रश उचलायच्या आत कड धरते. हे झालं दिवसा, उन्हात. संध्याकाळी उलटं. पाणी वाळायच्या आत गोठतं, थरात पिसांसारखी नक्षी उमटते, तुम्ही हरखून जाता, आणि वही घेऊन बुखारीजवळ गेलात की नक्षी विरघळून सगळं ओघळतं. दोनदा फसल्यावर मी पाण्यात थोडी व्होडका घालायला लागले, म्हणजे ते लवकर गोठत नाही. रमही चालते, पण आकाश मळकट होतं. बाटली मात्र स्वतःची नेऊ नका. हवीच असेल तर विचारून, तिथल्या तिथे. रंगासाठी हवी म्हटल्यावर लोक जे हसायचे ते हसतील.

खरं काम पेन्सिलचं. साध्या लाकडी २बी आणि ४बी, डझनभर, प्रत्येकीला दोरा बांधलेला. हातमोज्यातून पेन्सिल कधी निसटली ते कळत नाही. शाईचं पेन विमानात गळतं, बॉलपेन थंडीत अडतं. कागद पांढरा शुभ्र नको, राखाडी किंवा खाकी घ्या. बर्फाच्या उन्हात पांढऱ्या पानाकडे तासभर बघितलं तर डोळ्यांतून पाणी थांबत नाही. गडद चष्मा लागतोच, आणि त्याने रंग बदलून दिसतात, म्हणून कडेला शब्दांत लिहून ठेवा: "स्वेटर, शेवाळी, कोपराशी विटलेला."

बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानात, आणि वर गेल्यावर आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. कॅमेरा बाहेरून आत आणताना आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणा, नाहीतर काचेवर आतून दव धरतं.

पोचल्यावर

मंजुरी वरिष्ठ अधिकाऱ्यांची असली तरी तुमचा दिवस कसा जाईल हे सुभेदार मेजरसाहेबांच्या हातात असतं. पहिल्या दिवशी त्यांना भेटा. "साहेब" म्हणा, वेळा विचारून घ्या, कुठे बसायचं ते त्यांनाच ठरवू द्या. त्यांनी दाखवलेला कोपरा तुम्हाला आवडला नाही तरी पहिले दोन दिवस तिथेच बसा.

आपल्याकडे ओळख झाली की लगेच विचारतो, "किती जण आहात इथे? कधीपासून? पुढे कुठे?" हे तीनही प्रश्न तिथे गिळायचे. "गाव कुठलं?" हा एक प्रश्न मात्र चालतो, आणि त्यानेच कुलूप उघडतं. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर. साताऱ्याजवळ एका गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी आहे, हे मुंबईच्या चित्रकाराला ठाऊक आहे म्हटल्यावर पुढचा अर्धा तास तुम्हाला काही विचारावं लागत नाही.

सुरुवात लंगरपासून करा. तिथे ऊब असते, माणसं बसलेली नाहीत तर कामात असतात, आणि काढू नये असं फारसं काही नसतं. पंधरा हजार फुटांवर पाणी पंचाऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. म्हणून सगळा भार कुकरवर. मी तीन दिवस एकच कुकर काढला. पोचे आलेला, झाकणाला फडक्याची चिंधी, शिटीवर तारेची कसलीशी दुरुस्ती. चौथ्या दिवशी कणीक मळणारा पोरगा स्वतःच म्हणाला, "ताई, मला काढा की. पण त्वांड नका काढू. आई म्हणंल, वाळलाय." मग मी त्याचे हात काढले, मनगटावरून कोपरापर्यंत सरकवलेल्या घड्याळासकट. घड्याळावरचे काटे घातले नाहीत.

त्याने घातलेली अट कायम पाळा, प्रत्येकाशी. चेहरा काढू का, नाव लिहू का, हे दर वेळी वेगळं विचारायचं. साहेबांनी सांगितलं म्हणून समोर बसवलेला जवान "हो" म्हणतो, ते "हो" धरू नका. दुसऱ्या दिवशी एकटा भेटला की पुन्हा विचारा.

या नावाच्या बाबतीत चित्रकार चित्तप्रसाद आठवतात. १९४३ च्या दुष्काळात ते बंगालमध्ये मिदनापूरच्या गावांतून पायी फिरले, भुकेली माणसं काढली आणि चित्रासोबत त्यांची नावं-गावं टिपली. पुढे ते मुंबईत, अंधेरीला राहिले. त्यांच्या नोंदींची ताकद नावांत आहे. आपल्याला नेमकं तेच करता येत नाही. मी मध्यम मार्ग काढलाय: चौकीचं नाव कधीच नाही, माणसाचं गाव त्याने परवानगी दिली तर. "कणीक मळणारे हात, तासगाव तालुका." ठिकाण कळत नाही, माणूस कळतो.

परतल्यावर

निघायच्या आदल्या दिवशी पूर्ण वही दाखवून प्रत्येक पानावर किंवा निदान शेवटच्या पानावर सही घ्या. मंजुरी नसलेल्या पानाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही. मोठं चित्र नंतर स्टुडिओत करणार असाल, तर तेही प्रदर्शनाआधी पुन्हा दाखवावं लागेल, असं धरूनच चाला.

जूनच्या आधी परत या. कोरड्या हवेतून आलेला कागद मुंबईच्या पावसाळ्यात स्पंजासारखा ओल ओढतो आणि पंधरा दिवसांत बुरशीचे ठिपके येतात. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा, कपाटातल्या भिंतीकडच्या बाजूला नाही.

चौकीवर "आमचं चित्र आम्हाला द्या" असं प्रत्येकजण म्हणतो. शिवलेल्या वहीतून पान देता येत नाही, म्हणून मंजुरी मिळालेल्या पानांच्या प्रती काढून पाठवायचं कबूल करा, आणि खरंच पाठवा. पत्ता सोपा असतो: नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ (लष्करी टपाल कार्यालय). दिल्लीहून पुढे तो लिफाफा कोणत्या डोंगरावर जातो हे पोस्टमनलाही कळत नाही. आत जाड पुठ्ठा घाला, वाटेत घडी पडते.

कणकेच्या हातांची प्रत मी तशीच पाठवली. महिन्याने फोन आला. चित्र त्याने बघून गावी आईकडे धाडलं होतं, आणि आईने घड्याळ ओळखलं होतं.